विसाव्यावरचा दुसरा अंक

लोक लंडनला जाऊन येतात आणि पुस्तक लिहितात. मी बेल्याला जाऊन आलो. तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यातला बेला, पैनगंगेच्या पलीकडचा. पलीकडचा म्हणजे आमच्या पलीकडचा. तिथल्या लोकांच्या मते पलीकडे आम्ही राहतो. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी तेव्हा एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात हंगामी अधिव्याख्याता होतो. हंगामी हा शब्द कांद्याला आणि आंब्याला बरा. माणसाला सहा वर्षं लावला की माणूस काहीही करायला तयार होतो. मी ग्रामीण नाटक लिहायला तयार झालो.

नाटकाचं नाव ‘मृत्तिकेचे प्रश्न’. एका शेतकऱ्याचं प्रेत मधोमध ठेवलेलं, भोवती त्याचे चार मुलगे जमिनीच्या अर्थाविषयी बोलतात. पहिल्या अंकाच्या शेवटी ते बापाची तिरडी उचलून थेट प्रेक्षकांतून जातात. त्याला आम्ही ‘प्रेक्षकांचा सहभाग’ म्हणत असू. दुसऱ्या अंकात ते जमिनीच्या निरर्थकतेविषयी बोलतात. पडदा नव्हता, कारण पडदा ही शहरी चैन आहे असं माझं त्या काळी ठाम मत होतं. मी स्वतः आयुष्यात गाव पाहिलं होतं ते बसच्या खिडकीतून.

एम. ए.च्या शेवटच्या वर्षाची तीच प्रात्यक्षिक परीक्षा. कुलगुरूंनी एका भाषणात ‘रंगभूमी ग्रामस्थांच्या दारी’ असं म्हणून टाकलं होतं. म्हणून परीक्षा खेड्यात घ्यायची ठरली, आणि खेडं म्हणजे मारोतीचं, कारण विभागात खेड्यातला तो एकटाच. बाह्य परीक्षक बर्वेसर आमच्याबरोबर निघाले. त्यांच्या अहवालावर माझी नेमणूक कायम होणार की नाही, ते ठरायचं होतं. तसं मला विभागप्रमुखांनी जिन्यात थांबवून सांगितलं होतं.

पण माझ्यापेक्षा जास्त अडलं होतं मारोतीचं. हा काळासावळा, लांब हातांचा, मन लावून ऐकणारा मुलगा आदल्या वर्षी वाचिक अभिनयात नापास झाला होता. बर्वेसरांनीच केला होता. शेरा होता, ‘ग्रामीण बोली अस्वाभाविक’. झालं असं की आमच्या विभागात ग्रामीण बोली म्हणजे ‘म्या’, ‘व्हय’, ‘न्हाय’ आणि कमरेवर हात. मारोती आपला घरच्यासारखा ‘का’ऐवजी ‘काऊन’ आणि ‘करतोय’ऐवजी ‘करून राह्यलो’ बोलायचा. वर्ग हसायचा. मीही हसलोय. यंदा पास झाला नाही तर त्याचा भाऊ किसन पुढे पैसे पाठवणार नव्हता. गावी येऊन नांगर धरायचा, असं घरी ठरलेलं. म्हणून त्याच्या भल्यासाठी मी त्याला प्रेताची भूमिका दिली. “एकच हुंकार आहे सुरुवातीला,” मी म्हणालो, “तो नीट दे. वाचिकचे मार्क मी बघतो. बाकी नाटक संपेपर्यंत हलायचं नाही, काहीही झालं तरी.”

“हाव सर,” मारोती म्हणाला.

आदिलाबाद

पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं एकदम गोलमटोल होतात. आमच्या मुलांना परदेशात आल्यासारखं वाटलं. विलास नावाचा आमचा नायक, चार मुलांतला थोरला, त्याने बसमधून उतरल्या उतरल्या चहावाल्याला इंग्रजीत चहा मागितला. चहावाला मराठीत म्हणाला, “साखर कमी टाकू का जास्ती?” मग गल्ल्यावरच्या माणसाशी तेलुगूत दोन वाक्यं बोलला, बाजूच्या ट्रक ड्रायव्हरला हिंदीत शिवी दिली आणि परत आमच्याकडे मराठीत आला. आमच्याकडे दोन भाषा येणारा माणूस त्यावर व्याख्यान देतो. हा चहा गाळत होता.

जानेवारीचे दिवस होते. बाजाराच्या रस्त्याला कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, गाडीवान गाडीखाली झोपलेले, आणि रस्ताभर कापसाचे पुंजके उडत होते. बर्वेसरांना दमा होता. त्यांनी नाकाला रुमाल लावला तो बेल्यापर्यंत काढला नाही.

बेल्याला नाटकाची परवानगी काढायची होती. तिथल्या पोलीस ठाण्यातला जमादार मोठा शांत माणूस. त्याने आमची दरखास्त उलटसुलट पाहिली आणि हिंदीत विचारलं, “नाटक में झगड़ा-गिगड़ा है क्या?”

“नहीं,” मी म्हणालो.

“मरता कौन?”

“एक बूढ़ा.”

“मारता कौन उसको?”

“कोई नहीं. वो पहले से मरा रहता है.”

“तो फिर नाटक क्या है जी?” एवढं म्हणून त्याने दस्तखत केली. माझ्या नाटकावर पुढे बरीच समीक्षा झाली, पण इतक्या थोडक्यात कोणाला जमलं नाही.

गावात

गावाचं नाव मी सांगत नाही. लोक अजून तिथेच राहतात आणि मला तिकडून पुन्हा जायची वेळ येऊ शकते.

मारोतीच्या घरी उतरलो. अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग, त्याभोवती बसून घरातल्या बाया शेंगा सोलत होत्या. मारोतीची माय लहानखुरी, हातात शेंगा तशाच धरून उठली. पोराला तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “वायला रे पोट्ट्या.” म्हणजे वाळलास. मग माझ्याकडे वळून, “मास्तर, याले तिकडं खायले भेटते का नाही?” मी सांगितलं की वसतिगृहात उत्तम सोय आहे. वसतिगृहाचं जेवण मी कधी जेवलो नव्हतो.

आम्हाला हिरव्या सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि असा ठेचा वाढला की विलास पहिल्या घासाला गप्प झाला तो संध्याकाळपर्यंत. आमच्याकडे पाहुण्याला ‘अजून घ्या ना’ म्हणतात आणि पातेलं झाकून ठेवतात. इथे विचारतच नाहीत, वाढतात. मी ताटावर हात आडवा धरला तर मारोतीची माय म्हणाली, “हात काढा मास्तर, नाहीतर हातावर टाकीन.” तिने टाकलीही असती.

किसन हा मारोतीचा थोरला भाऊ. जेवताना त्याने मला सरळ विचारलं, “मारोतीचं काय काम आहे जी नाटकात?”

“मध्यवर्ती भूमिका आहे,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. तो मधोमधच असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं तिरडी बांधायला बसली. विद्यापीठात आम्ही खुर्चीच्या पट्ट्यांची तिरडी वापरत होतो. इथे मी अस्सल बांबूचा आग्रह धरला. मारोती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, तिरडी नका आणू. इथं बरं नाही दिसत. पहिल्या अंकाले मले झोपवा, अन् मंग अंधार करा.”

“दिवसा चार वाजता अंधार कसा करणार?” मी म्हणालो. “आणि मारोती, रंगभूमीला धक्का द्यायचा असतो.” त्याने मान हलवली. मला वाटलं पटलं.

तेवढ्यात सोमाजी आबा तिथून चालले होते. सत्तरीचे, कानात मुद्या, गावात कोणी गेलं की तिरडी तेच बांधत. मुलांची गाठ पाहून ते थबकले. “असी नाही बांधत बाबू. निसटन.” आणि मांडी घालून बसले. हिरवा बांबू, कडबा, आडव्या सात काठ्या, सुंभाच्या गाठी. अर्ध्या तासात त्यांनी अशी तिरडी बांधली की मी हरखून गेलो. बर्वेसरांना मुद्दाम बोलावून दाखवली. त्यांनी वहीत लिहिलं, ‘नेपथ्य अस्सल’. मी मनातल्या मनात कायम झालो.

प्रयोग

शाळेसमोरच्या मैदानात सारा गाव आला. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, पोरं समोर, बर्वेसर एकुलत्या एका खुर्चीवर. मारोतीने हुंकार दिला. चांगला दिला. मग चार मुलगे जमिनीच्या अर्थाविषयी बोलायला लागले. “म्या मातीला इचारलं,” विलास कमरेवर हात ठेवून गरजला, “तू कुनाची?” गावाने फार शांतपणे ऐकलं. माझ्या शेजारी बसलेला एक शेतकरी दुसऱ्याला म्हणाला, “कोणत्या भागातले आहे हे लोक?” दुसरा म्हणाला, “सातारकडचे असन. पण शेती नसन यायच्याकडे.”

पाऊण तासाने चौघांनी तिरडी उचलली आणि प्रेक्षकांत शिरले. माझं नाटक इथवर माझं होतं.

तिरडी पाहताच सारे उठून उभे राहिले. एकजण सांगत नाही, दुसरा विचारत नाही. पायातल्या चपला निघाल्या, डोक्यावरचे रुमाल नीट झाले आणि चार बाप्ये पुढे येऊन त्यांनी आमच्या मुलांच्या खांद्यावरून तिरडी आपल्या खांद्यावर घेतली. विलासने थोडी ओढाताण केली. “अहो आबा, नाटक आहे हे.”

“हाव, मालूम आहे,” सोमाजी आबा म्हणाले. “नाटक खोटंच असते. पण तिरडी खरी आहे ना. मीच बांधली. आता बसून कसं राहाव?”

कुठून तरी डफडं आलं. पुढे मडकं धरणारा कोणी नव्हता, तर गर्दीने किसनला पुढे केलं, आणि तो बिचारा गोंधळून पुढे चालू लागला. बर्वेसर खुर्चीत बसूनच होते. एका म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सरांनी गपकन बूट काढले, पॅड काखेत मारलं आणि खांदा द्यायला गेले. पाच मिनिटांत मैदान रिकामं. राहिलो मी, बाया, आणि दुसरा अंक.

मग मीही पळत सुटलो. जन्मभर प्रेक्षकांचा सहभाग मागत आलो होतो, आणि तो असा नदीकडे निघाला होता.

विसावा

नदीच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली विसाव्याचा दगड आहे. तिथे तिरडी खाली ठेवतात, क्षणभर थांबतात, दिशा फिरवतात आणि पुढे नेतात. तिरडी ठेवली गेली. डफडं थांबलं. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आता पुढे काय.

पुढे मसणवटा. जिवंत माणसाला तिकडे कोण नेणार? मागे फिरावं, तर विसाव्यावरून तिरडी परत नेत नाहीत. तसं आजवर कोणी केलं नव्हतं. सोमाजी आबांनी डोकं खाजवलं. “मारोत्या,” ते वाकून म्हणाले, “तुहं तू ऊठ अन् पायानं चाल. मंग काही दोष नाही.”

मारोती हलला नाही. नाटक संपेपर्यंत हलायचं नाही, असं मीच सांगितलं होतं. डोळे मिटलेले, श्वास पोटात, गालावर माशी बसली होती तीही त्याने हाकलली नाही. बर्वेसर दोन हातांच्या अंतरावर उभे, पॅड उघडलेलं. सहा वर्षांच्या नोकरीत मी इतका चांगला नट पाहिला नव्हता, आणि ते कळायला मला त्याला मसणाच्या वाटेवर आणावं लागलं.

मी ‘ऊठ’ म्हणायला हवं होतं. एक शब्द. पण प्रेत उठलं की परीक्षा मोडली. मारोती नापास आणि मी हंगामी. मी सगळ्यांकडे बघत उभा राहिलो आणि काहीतरी खोल विचार करतोय असा चेहरा केला. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

बाया विसाव्यापर्यंत येत नाहीत. मारोतीची माय आली. पदर कमरेला खोचलेला, चालून चालून धाप लागलेली. गर्दी बाजूला झाली. तिने पोराला तिरडीवर पाहिलं, मग माझ्याकडे वळली. “मास्तर, एवढे पोट्टे आहे तुमच्याजवळ. मेलेलं माणूस कराले माहाच सापडला?”

उत्तर मला माहीत होतं, पण ते त्या बाईच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

ती तिरडीजवळ खाली बसली. पोराच्या गालावरची माशी तिने हाताने उडवली. “मारोती,” ती म्हणाली, “काऊन झोपला रे बाबू यात? तुले दुसरं काही येत नाही का?”

मारोतीने डोळे उघडले. मायकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे. मी नजर खाली घातली. तो तिरडीवर उठून बसला. “येते वो माय,” तो म्हणाला. “बोलता येते. पण त्यायले नाही चालत. मी काऊन म्हटलं का हासते, मले म्हटलं का हासते. म्हणते, तुही बोली खेड्यातली वाटत नाही. मंग मी कुठचा वो? इथं शिकलो त मराठीवाला म्हणते, तिकडं गेलो त आंध्रचा म्हणते, अन् खेड्याचा बी नाही म्हणते. मांगच्या साली तोंड उघडलं म्हून नापास केलं. औंदा म्हणे, तोंड बंद ठेव, पास होशीन. म्हून पडलो होतो. तुही आन, मी हाललोच नसतो. पण तू आली.”

किसनने हातातलं मडकं खाली ठेवलं.

“मंग बोल आता,” माय म्हणाली. “हे सारे आयकाले बसले.”

खरोखरच लोक बसू लागले, वाटेतच, धुळीत. आणि मारोती बोलला. तिरडीवर बसल्या बसल्या अर्धा तास बोलला. वसतिगृहातली पाण्यासारखी डाळ, ‘तुम्हाला तेलुगू येत असेल ना’ म्हणून विचारणारी घरमालकीण, कमरेवर हात ठेवून मातीला प्रश्न विचारणारा विलास. मग त्याने मला काढलं. मी चष्मा पुसतो कसा, ‘धक्का’ हा शब्द म्हणताना हात कसा उडवतो. मी तिथेच उभा होतो आणि माझा हात हवेत होता. लोक लोटपोट झाले. शेवटी त्याने नाकाला रुमाल लावून ‘बोली अस्वाभाविक’ असं खोकत खोकत म्हणणारे परीक्षक केले. सगळ्यांत जास्त बर्वेसर हसले. आपण कोणाला हसतोय हे त्यांना कळलं नसावं.

हसता हसता मायने डोळ्याला पदर लावला होता. किसन मान खाली घालून मातीत रेघोट्या ओढत होता. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं, आणि त्याच वेळी, तेवढ्याच खरेपणाने, माझ्या नेमणुकीचीही आठवण आली.

संध्याकाळ

सूर्य असतानाच सगळ्यांनी नदीत आंघोळी केल्या, कडुनिंबाचा पाला चावला आणि घरी गेले. तिरडीला खांदा दिल्यावर परत येऊन नाटक बघत नाहीत, हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. दुसरा अंक झालाच नाही. विलास रडकुंडीला आला. जमिनीच्या निरर्थकतेवरचं त्याचं सात मिनिटांचं स्वगत त्यात होतं.

रात्रीसाठी रोडग्यांचा, निखाऱ्यात भाजायच्या कणकेच्या जाड गोळ्यांचा बेत होता, शेणाच्या गोवऱ्याही रचून झाल्या होत्या. तो रद्द. ज्यांच्यातलं माणूस तिरडीवर गेलं त्यांच्याकडे चूल पेटवत नाहीत म्हणे, आणि ते ‘ज्यांच्यातलं’ म्हणजे आम्ही. शेजारपाजारच्या घरांतून आम्हाला पिठलं-भाकर आली. एका आजीने विलासचं सांत्वनही केलं. मारोतीचं काय करायचं यावर सोमाजी आबांनी दोघातिघांशी बोलून निवाडा दिला. माणूस तिरडीवरून उतरला म्हणजे नव्याने जन्मला. त्याचं बारसं करा. मग दिवेलागणीला त्या पंचवीस वर्षांच्या बाप्याला पाटावर बसवून आत्याने त्याच्या कानात नाव सांगितलं. काय सांगितलं, असं मी विचारलं. “मारोतीच,” आत्या म्हणाली. “चांगलं आहे ना. काऊन बदलाव?”

परतीची बस

सकाळी बेल्याच्या स्टँडवर आम्हाला पोचवायला मारोती आला होता. तो चार दिवस राहून येणार होता. आमच्या थैल्या त्याने बसच्या टपावर चढवल्या. बर्वेसर माझ्याशेजारी खिडकीत बसले होते, खूश होते, रुमालही काढला होता.

“दुसरा अंक रंगमंचावरून काढून थेट विसाव्यावर नेलात,” ते म्हणाले. “विलक्षण. त्या मुलाला मी वाचिकचे पैकीच्या पैकी दिलेत. काय स्वाभाविक बोली! गेल्या वर्षी हाच मुलगा होता ना? तुम्ही चांगलीच मेहनत घेतलीत. आणि आईचं काम करणारी ती बाई कोण? विभागातली नाही वाटत.”

“स्थानिक कलाकार,” मी म्हणालो.

“आणि ते संवाद? तिरडीवरचे? तुम्हीच लिहिलेत?”

मारोती टपावरून उतरून खिडकीखाली उभा होता. हात झटकत होता. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, विसाव्यावर पाहिलं होतं तसंच.

“हो,” मी म्हणालो.

मारोतीने एकदा मान हलवली. “येतो सर,” म्हणाला, आणि पाठ फिरवून चालू लागला. बस सुटली. तो पास झाला, पहिल्या वर्गात झाला. पण पदवी घ्यायलाही आला नाही आणि त्यानंतर आमच्या विभागात त्याने पाऊल टाकलं नाही. माझी नेमणूक जूनमध्ये कायम झाली. अहवालात ‘लेखकाला बोलीची दुर्मीळ जाण आहे’ असं वाक्य होतं. ते मी बरीच वर्षं माझ्या परिचयात छापत असे.

खरं सांगितलं असतं तर मारोतीची परीक्षा मोडली असती, म्हणून मी खोटं बोललो, असं मी घरी सांगितलं, मित्रांना सांगितलं. त्यांना पटलं. ‘हे संवाद मारोतीने स्वतः रचले’ एवढंच म्हटलं असतं, तरी त्याचा एकही मार्क गेला नसता. हे मला बस पुलावर आल्यावर सुचलं, असंही मी सांगत असे. ते स्टँडवर, बस सुटायच्या आधी खिडकीतच सुचलं होतं.